चिंचबंदरात समुद्र कुठे आहे?

(प्रस्तुत पाठात लेखकाने मुंबई बंदरालगतच्या जुन्या वस्तीची पायी सहल घडवली आहे. गावाची, रस्त्यांची आणि बंदरांची नावे नीट वाचली, तर तिथला इतिहास कसा उलगडत जातो, हे त्याने सोप्या भाषेत सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मशीद बंदर, चिंचबंदर, डोंगरी, माझगाव ही मुंबईतील ठिकाणांची नावे तुम्ही ऐकली असतील. तुमच्यापैकी काही जण तिथे राहतही असतील. काही जण सणासुदीच्या खरेदीसाठी तिथे जाऊन आले असतील. पण या वस्तीतून केवळ पाहण्यासाठी म्हणून तुम्ही कधी पायी फिरला आहात का?

काही वर्षांपूर्वी मी आमच्या शाळेच्या नववीच्या मुलांना घेऊन या भागात गेलो होतो. चिंचबंदरला पोहोचल्यावर एका मुलाने पाटी वाचली आणि विचारले, "सर, बंदर म्हणजे जिथे जहाजे लागतात ती जागा ना? मग इथे समुद्र कुठे आहे?"

मी इकडेतिकडे पाहिले. चारही बाजूंना उंच जुन्या इमारती, दुकाने, हातगाड्या आणि माणसांची गर्दी होती. पाण्याचा कुठे थेंबही दिसत नव्हता. मला उत्तर देता आले नाही. "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

त्या रात्री मी तोच प्रश्न माझ्या आजोबांना विचारला. त्यांनी सारी उमर गोदीत कामगार म्हणून काढली होती. ते हसले आणि म्हणाले, "अरे, पाणी गेले, पण नाव राहिले. नाव सहसा खोटे बोलत नाही. तू कधी त्याला विचारलेसच नाहीस!"

आजोबांचे ते बोलणे माझ्या मनात घर करून राहिले. तेव्हापासून कोणत्याही वस्तीत गेलो, की मी आधी तिथल्या नावांना प्रश्न विचारतो. चला, आज तुम्हीही माझ्याबरोबर या. आपण मशीद बंदर स्थानकापासून निघू आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत चालत जाऊ.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपण इथे पाहुणे आहोत. पाठीवर ओझे घेतलेला हमाल किंवा भरलेली हातगाडी समोरून आली, तर आपण बाजूला व्हायचे. जड गाडी थांबवणे आणि पुन्हा चालू करणे किती कष्टाचे असते, हे ती ओढणाऱ्यालाच ठाऊक असते. कोणाचे छायाचित्र काढायचे असेल, तर आधी त्याला विचारायचे. प्रार्थनास्थळात जायचे असेल, तर परवानगी घ्यायची आणि तिथले नियम पाळायचे.

मशीद हे उपनगरी रेल्वेचे स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि सँडहर्स्ट रोड या दोन स्थानकांच्या मध्ये आहे. हे नाव एखाद्या मशिदीवरून पडले असावे, असे तुम्हाला वाटेल. मलाही लहानपणी तसेच वाटत असे. जवळच क्रॉफर्ड मार्केटपाशी १८०२ साली बांधून पूर्ण झालेली जामा मशीद आहेच. एका जुन्या तलावावर ती उभी आहे. परंतु स्थानकाचे आणि बंदराचे नाव एका ज्यू प्रार्थनागृहावरून पडले, असे मानले जाते.

स्थानकाच्या पश्चिमेला सॅम्युएल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानांच्या कैदेत सापडले आणि पुढे सुखरूप सुटून मुंबईला परतले. त्यांनी १७९६ साली या भागात मुंबईतील पहिले ज्यू प्रार्थनागृह बांधले. त्याचे नाव 'दयेचे दार' अशा अर्थाचे आहे. १८६० साली ते आजच्या जागी आले. दिवेकर हे बेने इस्राएल समाजाचे होते. हा समाज शेकडो वर्षे कोकणात राहिला. तेल गाळणे हा त्यांचा व्यवसाय होता. शनिवारी ते काम बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. आपल्या प्रार्थनागृहाला ते 'मशीद' म्हणत आणि जुन्या प्रार्थनागृहाला 'जुनी मशीद'.

पाहिलेत? नाव ऐकायला अरबी, बोलणारे मराठी आणि घर ज्यू लोकांच्या प्रार्थनेचे! स्थानकाची एक पाटी आपल्याला इतके सांगते.

आता बाजारात शिरू. या भागाचे जुने नाव मांडवी. मांडवी म्हणजे जकात घेण्याची जागा. समुद्रातून माल उतरला, की त्यावर इथे जकात द्यावी लागे. म्हणूनच या भोवती बाजार वसले. भात बाजार, नरसी नाथा स्ट्रीट, काझी सय्यद स्ट्रीट, सॅम्युएल स्ट्रीट हे रस्ते एकमेकांपासून काही पावलांच्या अंतरावर आहेत. ही नावे एका दमात वाचा. कच्छी व्यापारी, मुसलमान काझी आणि ज्यू सैनिक इथे शेजारी झाले आहेत. मशीद बंदर रस्त्याला आज युसुफ मेहेरअली यांचे नाव आहे. 'क्विट इंडिया' ही घोषणा त्यांनी सुचवली, असे सांगतात. १९४२ साली ते मुंबईचे महापौर झाले, तेव्हा ते तुरुंगात होते.

बाजारात डोळ्यांइतकेच नाकही उघडे ठेवा. एका गल्लीत हळद आणि मिरचीचा ठसका लागतो. दुसऱ्या गल्लीत वेलची आणि लवंगेचा सुगंध येतो. पुढे खजूर, बदाम, अक्रोड यांची पोती रचलेली दिसतात. धान्याचा मोठा घाऊक व्यापार आता नवी मुंबईत हलवला गेला आहे, तरी इथली गजबज ओसरलेली नाही. "बाजू! बाजू!" अशी हाक मागून आली, की समजा, हातगाडी आली.

भात बाजारात केशवजी नायक यांच्या नावाचे एक दगडी कारंजे आहे. ते १८७६ साली उभारले गेले. वाटसरूंना आणि गाडीच्या बैलांना पाणी मिळावे, म्हणून एका व्यापाऱ्याने केलेली ही सोय होती. उन्हातून माल वाहणाऱ्यांची आठवण ठेवणारे लोक या बाजारात होते, हे ते कारंजे सांगते.

इथून उत्तरेकडे थोडे चाललो, की चिंचबंदर येते. त्या मुलाचा प्रश्न आठवतो ना? इथे समुद्र कुठे आहे?

उत्तर असे आहे. मुंबई मुळात सात बेटांची होती. बेटांच्या मधून भरतीचे पाणी आत येई. डोंगरी नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी पाणी पोहोचत होते आणि तिथेच चिंचेच्या झाडांजवळ गलबते लागत. म्हणून ते चिंचबंदर. मुंबई आणि माझगाव या दोन बेटांच्या मध्ये खाडी होती, ती उमरखाडी. जवळच एका ठिकाणी पाण्यातून चालत यावे लागे. पाणी ओलांडून आलेल्या माणसाचे पाय आपोआप धुतले जात, म्हणून ती जागा पायधुणी झाली. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत लोकांनी माती आणि दगड टाकून हे पाणी हटवले. खाडी बुजली, किनारा पूर्वेकडे सरकला. आज चिंचबंदरात बंदर नाही, उमरखाडीत खाडी नाही आणि पायधुणीला कोणाचे पाय भिजत नाहीत. पण नावे मात्र पाण्याची साक्ष देत उभी आहेत.

डोंगरीलाही अशीच आठवण आहे. १८८२ साली लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांनी इथल्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले आहे. मराठीचा अभ्यास पुढे चालू ठेवाल, तर ते जरूर वाचा.

जवळच इमामवाडा रस्त्यावर मोगल मशीद आहे. हाजी मोहम्मद हुसेन शिराझी या इराणी व्यापाऱ्याने ती १८६० साली बांधली. तिला घुमट नाही. तिच्या दर्शनी भागावर निळ्या रंगाच्या नक्षीदार फरश्या बसवल्या आहेत. गर्दीतून आत आलो, की अंगणातील पाण्याचा हौज पाहूनच मन शांत होते. आठवते ना, बेने इस्राएल प्रार्थनागृह आजच्या जागी आले तेही १८६० सालीच. एकाच वर्षी, एकाच बंदराच्या आश्रयाला, दोन समाजांनी आपापली प्रार्थनेची जागा उभी केली. समुद्राने त्यांना इथे आणले होते.

आता रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेला जाऊ. इथली हवा बदलते. गल्ल्या संपतात आणि रुंद रस्ते, मालमोटारी, लांबच लांब गोदामे आणि दगडी भिंती दिसू लागतात. या भिंतींच्या पलीकडे मुंबई बंदर आहे.

मुंबईचे बंदर शहराच्या पूर्वेला का, पश्चिमेला का नाही? नकाशा पाहा. पश्चिमेला उघडा अरबी समुद्र आहे. पावसाळ्यात त्याच्या लाटा खवळतात. पूर्वेला मुंबई आणि कोकणचा किनारा यांच्या मध्ये पाणी आहे. तिथे वारा आणि लाटा यांचा जोर कमी असतो. मुंबई बेट जणू आपल्या पाठीवर वादळ झेलते आणि पोटाशी जहाजांना जागा देते.

तरीही एक अडचण होतीच. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. ओहोटीला पाणी उतरले, की काठावरचे जहाज चिखलात बसण्याची भीती असे. त्यासाठी गोद्या बांधल्या गेल्या. गोदी म्हणजे दगडी भिंतींनी बांधलेला मोठा हौजच. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचे आणि दार बंद करायचे. मग बाहेर ओहोटी असली, तरी आतले पाणी टिकून राहते. १८७३ साली बंदराचा कारभार पाहणारी संस्था, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्ट, स्थापन झाली. १८७५ साली कुलाब्याला ससून गोदी, १८८० साली प्रिन्सेस गोदी आणि नंतर व्हिक्टोरिया गोदी तयार झाली. १९१४ साली बांधून झालेल्या अलेक्झांड्रा गोदीला आज इंदिरा गोदी म्हणतात. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्यांचे पाणी आता बुजवण्यात आले आहे. मोठ्या कंटेनर जहाजांचा व्यापार १९८९ साली सुरू झालेल्या न्हावाशेवा येथील बंदराकडे वळला. किनारा पुन्हा एकदा बदलतो आहे.

गोदीच्या भिंतीच्या आत आपल्याला परवानगीशिवाय जाता येत नाही. पण या भिंतीपाशी क्षणभर उभे राहू.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. दुसरे महायुद्ध चालू होते. त्या एकाच जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके होती, सोन्याच्या विटा होत्या आणि कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी कापसाने पेट घेतला. अग्निशामक दलाचे जवान धावून आले. ते पाण्याचा मारा करत असतानाच दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा झाला. गोदी आणि आसपासची वस्ती जळत राहिली. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. अग्निशामक दलाचे ६६ जवान आपले कर्तव्य करताना शहीद झाले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शाळेत या सप्ताहात आग विझवण्याची प्रात्यक्षिके होतात, तेव्हा ती या भिंतीपलीकडे सुरू झालेली गोष्ट आहे, हे लक्षात असू द्या.

ज्या रस्त्यावर आपण चालतो आहोत, त्याचे नाव पी. डिमेलो मार्ग. पूर्वी या रस्त्याला फ्रियर नावाच्या इंग्रज गव्हर्नरचे नाव होते. पी. डिमेलो हे गोदी कामगारांचे पुढारी होते. पूर्वी गोदीतील मजूर रोज सकाळी दारापाशी येऊन उभा राही. त्या दिवशी काम मिळेल की नाही, हे मुकादमाच्या मर्जीवर असे. काम मिळाले नाही, तर संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जावे लागे. कामगारांनी संघटित होऊन याविरुद्ध आवाज उठवला. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला. गव्हर्नरचे नाव जाऊन कामगार पुढाऱ्याचे नाव रस्त्याला मिळाले, यामागे अशी मोठी हकिगत आहे.

माझ्या आजोबांकडे एक लोखंडी आकडा होता. पोत्यात अडकवून ओझे ओढण्यासाठी गोदीचे कामगार तो वापरत. निवृत्तीनंतरही त्यांनी तो जपून ठेवला होता. त्याची लाकडी मूठ हाताच्या घामाने काळी आणि गुळगुळीत झाली होती. लहानपणी मला त्याची भीती वाटे. आता कळते, की त्या आकड्यावर आमच्या घराची चूल पेटत होती आणि माझ्या शाळेची फीदेखील त्यातूनच भरली जात होती.

चालता चालता कानांवर पडणारे शब्दही ऐका. बंदर हा शब्द फारसीतून आला. हमाल, दलाल, मुकादम, जकात हे अरबी. लंगर फारसी. उर्दूत तुम्ही हे सारे शब्द रोज वापरता, आणि मराठी माणूसही वापरतो. उर्दूत जहाजाच्या मालकाला किंवा कप्तानाला नाखुदा म्हणतात. कोळी बांधव आपल्या होडीच्या मालकाला नाखवा म्हणतात. शब्द तोच, फक्त लाटांवर थोडा घासला गेला! मराठी आपल्याला अवघड वाटते, परकी वाटते, असे तुमच्यापैकी काही जण मला सांगतात. बंदरावर जा आणि ऐका. तिथे या दोन भाषा कधीच्याच एकमेकींच्या घरी ये-जा करत आहेत.

आता आपण माझगावला, भाऊच्या धक्क्यावर पोहोचलो. लक्ष्मण हरी चंदरजी अजिंक्य यांना लोक 'भाऊ' म्हणत. बोटीने येणाऱ्या प्रवाशांना चिखलातून चढावे लागते, त्यात बायका-मुलांचे हाल होतात, हे पाहून त्यांनी एकोणिसाव्या शतकात प्रवाशांसाठी धक्का बांधला. धक्क्याची जागा पुढे बदलली, पण भाऊंचे नाव सुटले नाही.

पहाटे इथे मासळीचा लिलाव चालतो. पापलेट, सुरमई, बोंबील, कोळंबी यांच्या पाट्या भराभर हातोहात जातात. बर्फ फोडण्याचा आवाज आणि कोळी भगिनींचे खणखणीत बोलणे यांनी धक्का दुमदुमतो. १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ असतो. समुद्रालाही विश्रांती लागते, हे कोळ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

इथून उरणजवळच्या मोऱ्याला आणि अलिबागकडे रेवसला लाँच जातात. २०२० सालापासून मांडव्याला मोटारी नेणारी मोठी बोटही जाते. पूर्वी इथूनच कोकणच्या बोटी सुटत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना कोकणातील कितीतरी घरांत दिवा लागला नाही. मुंबईच्या याच बंदरातून हाजींची जहाजेही जिद्देला जात. १९९५ साली तो समुद्रप्रवास बंद झाला. आता सगळे हाजी विमानाने जातात.

आजोबा तरुणपणी कोकणातून बोटीने आले आणि याच भाऊच्या धक्क्यावर उतरले. हातात एक पत्र्याची पेटी आणि खिशात गावच्या एका माणसाचा पत्ता, एवढेच त्यांच्याजवळ होते. माझगावचा तो पत्ता त्यांना कोणी दाखवला, हे ते नेहमी सांगत. धक्क्यावर मासळी विकणाऱ्या एका कोळीण मावशींनी आपली पाटी शेजारणीकडे सोपवली आणि त्या त्यांना घरापर्यंत पोहोचवून आल्या. आजोबांना त्यांचे नाव कधी कळले नाही. "नाव विचारायचे राहिले," असे म्हणताना म्हातारपणीही ते हळहळत.

मित्रांनो, त्या नववीच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी वर्गात उत्तर दिले. मग त्याने आणखी एक प्रश्न विचारला, "सर, आपल्या गल्लीचे नाव असे का आहे?" त्याचेही उत्तर मला ठाऊक नव्हते. पण यावेळी मी वेळ मारून नेली नाही. "चल, आपण दोघे मिळून शोधू," असे म्हणालो.

तुम्हीही शोधा. तुमचे गाव समुद्राकाठी असो वा डोंगरात, तिथल्या पाट्या वाचा, वडीलधाऱ्यांना विचारा. आणि वाट दाखवणाऱ्याचे नाव विचारायला मात्र विसरू नका.

स्वाध्याय

१. चिंचबंदर, उमरखाडी आणि पायधुणी या नावांवरून जुन्या मुंबईविषयी काय समजते?
२. गोदी म्हणजे काय? तिची गरज का भासली?
३. 'नाव सहसा खोटे बोलत नाही,' असे आजोबा का म्हणाले?
४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द लिहा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
५. उपक्रम : तुमच्या वस्तीतील एका रस्त्याचे किंवा मोहल्ल्याचे नाव कसे पडले, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि आठ-दहा ओळींत लिहा. माहिती सांगणाऱ्याचे नाव शेवटी आवर्जून लिहा.